सिनेटरच्या दारी एक पान घेऊन जाताना

माझे वडील कराडला पंचायत समितीत कारकून होते. साकव वाहून गेला, विहिरीचं अनुदान अडलं, शाळेला मास्तर नाही, अशी गाऱ्हाणी घेऊन माणसं आधी आमच्या ओट्यावर यायची आणि वडील त्यांना आमदारांकडे द्यायचा अर्ज लिहून द्यायचे. अर्ज एका पानाचा, मागणी एकच, खाली गाव, तालुका, सही. तो माणूस पुन्हा भेटला की वडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "पोच घेतलीस का?"

आता मी अमेरिकेत, आयोवा राज्यात राहते आणि अर्ज लिहिते ते इथल्या सिनेटरांना. रीत बरीचशी वडिलांचीच आहे. फरक कुठे पडतो आणि मराठी घरं कुठे चुकतात, हे मला गेल्या सहा-सात वर्षांत कळलं. तेवढंच इथे लिहिते.

आम्ही २००८ च्या ऑगस्टमध्ये सीडर रॅपिड्सला आलो. त्याच वर्षी १३ जूनला सीडर नदी ३१.१२ फुटांवर गेली होती आणि शहराचा जवळपास दहा चौरस मैल भाग पाण्याखाली होता. आम्ही घर शोधत हिंडायचो तेव्हा नदीकाठच्या भिंतींवर चिखलाची रेघ तशीच होती. कृष्णा-कोयनेचा पूर पाहिलेल्या मला ती रेघ ओळखीची वाटली. लेक तेव्हा चार वर्षांची. नवरा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, आम्ही दोघी त्याच्या आधारानं एच-फोरवर. ग्रीन कार्डाच्या, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्याच्या, रांगेतली आमची तारीख २०१४ ची. १९९० च्या कायद्यानं नोकरीवर आधारलेली वर्षाला सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डं ठेवली आहेत, आणि कुठल्याही एका देशाला त्यातला साधारण ७ टक्क्यांचाच वाटा. भारतातून अर्ज करणारे खूप, म्हणून रांग संपत नाही. दरम्यान मूल २१ वर्षांचं झालं की आईबापांच्या अर्जातून गळतं. याला इथे 'एज आउट' म्हणतात. माझी लेक २०२५ मध्ये २१ ची झाली. ज्या गावात ती अक्षरं गिरवायला शिकली, त्याच गावात आज ती विद्यार्थी व्हिसावर, म्हणजे कागदोपत्री परदेशी विद्यार्थिनी म्हणून राहते.

हा नियम कुठल्या साहेबाच्या मर्जीवर नाही. कायदा बदलल्याशिवाय तो बदलत नाही, आणि कायदा सिनेटमधून गेल्याशिवाय बदलत नाही. म्हणून सिनेटर.

दार कुठलं ते आधी ठरवा

अमेरिकेच्या संसदेला 'काँग्रेस' म्हणतात, आणि तिची दोन सभागृहं: सिनेट आणि प्रतिनिधिगृह. सिनेटमध्ये १०० सभासद, प्रत्येक राज्याचे दोन. आयोवाची वस्ती साधारण ३२ लाख, कॅलिफोर्नियाची चार कोटींच्या आसपास, तरी सिनेटर दोघांचेही दोनच. छोट्या राज्यात राहणाऱ्या मराठी माणसानं हे मनात पक्कं ठेवावं. न्यू जर्सीतली माझी मावसबहीण म्हणते, "आमच्याकडे केवढे भारतीय, तुमच्याकडे कोण?" मी तिला सांगते, आमच्याकडे माणसं कमी म्हणूनच आमचा चेहरा लक्षात राहतो.

दोन सिनेटर आणि तुमच्या मतदारसंघाचा एक प्रतिनिधी, असे तीन लोक वॉशिंग्टनमध्ये तुमचे. यात एक घोटाळा हमखास होतो. राज्याच्या विधिमंडळातही 'सिनेटर' असतात. आयोवाच्या राजधानीत, डे मॉइनला, असे ५० आहेत. ते रस्ते, शाळा, राज्याचे कर बघतात. व्हिसा, पासपोर्ट, सोशल सिक्युरिटी, केंद्राचा आयकर यांच्याशी त्यांचा संबंध नाही. मंडळाच्या कार्यक्रमाला आलेल्या सिनेटरांना तुम्ही ग्रीन कार्डाचं निवेदन दिलं असेल, तर ते कुठल्या सिनेटचे होते हे एकदा तपासून बघा.

दुसरी शंका मला जवळपास प्रत्येक घरात ऐकू येते: "आपण नागरिक नाही, मत नाही, आपलं कोण ऐकणार?" सरकारकडे गाऱ्हाणं मांडण्याचा हक्क संविधानाच्या पहिल्या घटनादुरुस्तीत आहे आणि तिथे शब्द 'लोक' असा आहे, 'मतदार' असा नाही. कार्यालयात तुमचा व्हिसा विचारत नाहीत, पिनकोड विचारतात. तो त्यांच्या राज्यातला असला की तुम्ही त्यांचे.

उलट, तो त्यांच्या राज्यातला नसेल तर तुमचा कागद मोजलाच जात नाही. २०१९ मध्ये मी स्वतः ही चूक केली. व्हॉट्सअॅपवर एक तयार मजकूर फिरत होता. मी दोन रात्री बसून तो तीसेक राज्यांच्या सिनेटरांना पाठवला. संकेतस्थळावरचा अर्ज पत्ता मागतो आणि बाहेरचा पत्ता दिसला की "आपल्या सिनेटरशी संपर्क साधा" असं उत्तर येतं. त्या दोन रात्रींत मी आयोवाच्या दोघांना नीट, हातानं लिहिलेली दोन पत्रं पाठवायला हवी होती.

अडलेलं काम वेगळं, कायद्याची मागणी वेगळी

सिनेटरच्या कार्यालयात दोन प्रकारची कामं चालतात आणि माणसंही वेगळी असतात. तुमचं एखादं प्रकरण केंद्राच्या खात्यात अडकलं असेल, तर ते 'केसवर्क'. त्यासाठी वॉशिंग्टनला फोन करू नका, राज्यातल्या जवळच्या कार्यालयात जा. १९७४ च्या प्रायव्हसी अॅक्टमुळे तुमच्या लेखी संमतीशिवाय कुठलंही खातं तुमची माहिती सिनेटरलाही देत नाही, म्हणून पहिल्यांदा संमतीचा फॉर्म भरून सही करा. ज्याचा अर्ज त्याची सही. नवऱ्याच्या अर्जासाठी बायकोची चालत नाही. सिनेटरचं कार्यालय विचारणा करू शकतं, तातडीचं कारण कळवू शकतं. निकाल अमुकच द्या असं सांगू शकत नाही, आणि कोर्टात गेलेल्या प्रकरणात तर हातच घालत नाही. एवढं कळलं की अपेक्षा ताळ्यावर राहतात.

कायद्याची मागणी ही दुसरी वाट, आणि मला सांगायचं आहे ते तिच्याबद्दलच.

मागणी इतकी बारीक करा की उत्तर हो किंवा नाही असंच येईल

"भारतीयांवर अन्याय होतोय, काहीतरी करा" या वाक्यावर सिनेटर काहीही करू शकत नाही. "अमुक विधेयकाचे सहप्रस्तावक व्हा", म्हणजे पाठिंबा म्हणून त्यावर आपलं नाव घाला, या वाक्यावर करू शकतो.

म्हणून आधी विधेयक शोधा. काँग्रेस डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर सगळी विधेयकं असतात. सिनेटमधल्या क्रमांकाआधी 'एस', प्रतिनिधिगृहातल्या क्रमांकाआधी 'एच आर'. विधेयकाच्या पानावर सहप्रस्तावकांची यादी आणि आजवर काय घडलं याची नोंद असते. यादीत तुमचे सिनेटर आहेत का, आधीच्या वेळी होते का, ते बघा. गेल्या वेळी सही केली होती आणि या वेळी नाही, असं दिसलं तर तुमचं अर्धं काम झालंच, कारण तेव्हा मागणी फक्त "पुन्हा सही करा" एवढीच उरते.

काँग्रेसचा एक कार्यकाळ दोन वर्षांचा, त्यालाही 'एक काँग्रेस' असंच म्हणतात. ती संपली की न झालेली सगळी विधेयकं संपतात, आणि नव्या काँग्रेसमध्ये तेच विधेयक पुन्हा मांडावं लागतं, नव्या क्रमांकानं. जुना क्रमांक घेऊन गेलात तर समोरची व्यक्ती नम्रपणे ऐकून घेईल आणि वहीत काहीच लिहिणार नाही.

आमच्या मुलांसाठीचं विधेयक म्हणजे 'अमेरिकाज चिल्ड्रन अॅक्ट'. २०२१ मध्ये ते सिनेटमध्ये कॅलिफोर्नियाचे अॅलेक्स पडिया आणि केंटकीचे रँड पॉल या दोघांनी आणलं, एक डेमोक्रॅट, एक रिपब्लिकन. प्रतिनिधिगृहात ते नॉर्थ कॅरोलायनाच्या डेबोरा रॉस यांनी मांडलं. आईबापांबरोबर कायदेशीर आलेल्या, इथे वाढून पदवी घेतलेल्या मुलांना ग्रीन कार्डाची वाट मिळावी आणि अर्ज दाखल केल्याच्या दिवशीचं वय धरावं, असा त्याचा गाभा. १५ मार्च २०२२ रोजी सिनेटच्या न्याय समितीच्या इमिग्रेशन उपसमितीपुढे अशाच एका भारतीय घरातल्या मुलीनं साक्ष दिली. आम्ही मायलेकी ते थेट प्रक्षेपण स्वयंपाकघरात उभ्या उभ्या बघत होतो, आणि संपेपर्यंत आम्हाला खाली बसायचं सुचलं नाही. त्याच वर्षी ही तरतूद संरक्षण खात्याच्या मोठ्या वार्षिक विधेयकाला जोडण्याचा प्रयत्न झाला. प्रतिनिधिगृहाच्या मसुद्यात ती आली, अंतिम कायद्यात राहिली नाही. यातून एक गोष्ट शिकण्यासारखी: स्वतंत्र विधेयक पुढे सरकत नसेल, तर दरवर्षी मंजूर व्हावंच लागतं अशा मोठ्या विधेयकाला दुरुस्ती जोडायची मागणीही करता येते. कार्यालयात हे दोन्ही पर्याय मांडा.

आणखी एक भेद आपल्याकडच्या माणसाला चटकन कळेल. प्रशासकीय मान्यता मिळाली पण निधी नाही, हे आपण जन्मभर ऐकतो. इथेही तसंच आहे. सीडर रॅपिड्सच्या पूरसंरक्षण प्रकल्पाला काँग्रेसनं २०१४ च्या कायद्यात मंजुरी दिली, पण पैसा दुसऱ्या कायद्यातून यावा लागतो. खर्चाच्या तुलनेत फायदा मोजायचं जे सूत्र आहे त्यात आमच्या नदीकाठची स्वस्त घरं मागे पडत होती. आयोवाचे सिनेटर आणि प्रतिनिधी वर्षानुवर्षं त्यामागे लागले. अखेर २०१८ च्या आपत्ती निधीतून लष्कराच्या अभियंता दलानं या प्रकल्पाला ११.७ कोटी डॉलर दिले. पुरानंतर दहा वर्षांनी. तुमची मागणी मान्यतेची आहे की निधीची, हे जाण्याआधी ठरवा, कारण समित्या वेगळ्या, कार्यालयातला माणूस वेगळा आणि वर्षातली वेळही वेगळी.

सिनेटरची अडचण आधी समजून घ्या

या टप्प्याकडे आपले लोक दुर्लक्ष करतात, आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोठा.

आमचे ज्येष्ठ सिनेटर चक ग्रासली १९८१ पासून सिनेटमध्ये आहेत. इमिग्रेशनची विधेयकं जिथे जातात त्या न्याय समितीवर त्यांचं वजन आहे, तिचं अध्यक्षपदही त्यांनी सांभाळलं आहे. २९ नोव्हेंबर २०११ रोजी देशवार मर्यादा काढण्याचं एच आर ३०१२ हे विधेयक प्रतिनिधिगृहात ३८९ विरुद्ध १५ मतांनी संमत झालं. सिनेटमध्ये ग्रासलींनी ते रोखून धरलं. अमेरिकन कामगारांचं संरक्षण कुठे आहे, हा त्यांचा सवाल होता. २०१२ च्या जुलैत एच-वन-बीच्या तपासणीबाबत तडजोड झाल्यावर त्यांनी अडवणूक मागे घेतली. विधेयक तरीही पार पडलं नाही. पुढे २०१९ मध्ये तोच विषय एस ३८६ म्हणून युटाचे माइक ली यांनी आणला. त्याचं जोडीचं विधेयक १० जुलै २०१९ ला प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ नं गेलं. सिनेटमध्ये एकेका सिनेटरनं आक्षेप घेतला, एकेक आक्षेप मिटवत, मजकूर बदलत ते २ डिसेंबर २०२० रोजी सर्वसंमतीनं संमत झालं. पण दोन्ही सभागृहांचा मजकूर वेगळा राहिला, तो जुळायच्या आत ३ जानेवारी २०२१ ला काँग्रेस संपली आणि विधेयक त्याबरोबर गेलं.

त्या दिवसांत आमच्या ओळखीतली कितीतरी माणसं अडवणाऱ्या सिनेटरांवर चिडून लिहीत होती. मीही चिडले होते. पण ही हकिकत नीट वाचल्यावर मला कळलं की सिनेटमध्ये एक माणूस थांबवू शकतो, आणि तो थांबवतो तेव्हा त्याच्याकडे बहुतेक वेळा एक नेमका मुद्दा असतो. त्या मुद्द्याला उत्तर असेल तर तो हलतो. म्हणून जाण्याआधी तुमच्या सिनेटरची या विषयावरची भाषणं, समितीतले प्रश्न, पत्रकं वाचा. ग्रासलींकडे जाताना मी "भारतीयांची रांग" या शब्दांनी सुरुवात करत नाही. मी म्हणते: ही मुलं आयोवाच्या सरकारी शाळांत शिकली, त्यांच्यावर आयोवाच्या करदात्यांनी पैसा खर्च केला, आता ती नर्स आणि इंजिनिअर होऊन दुसऱ्या देशाच्या कामी येणार आहेत. यातला शब्दन् शब्द खरा आहे. फक्त तो आयोवाच्या बाजूनं सांगितला आहे.

एखादा कायदा एका घरातून कसा सुरू होतो, याचं उदाहरणही आमच्याच राज्यात आहे. आयोवाचे टॉम हार्किन हे अपंगांच्या हक्कांच्या १९९० च्या कायद्याचे सिनेटमधले मुख्य प्रस्तावक. त्यांचे मोठे भाऊ फ्रँक यांना ऐकू येत नव्हतं, ते काउन्सिल ब्लफ्सच्या मूकबधिर शाळेत शिकले. हार्किन यांनी त्या वेळी सिनेटमधल्या भाषणाचा काही भाग खुणांच्या भाषेत केला, भावाला कळावं म्हणून. मी लेकीला घेऊन कार्यालयात जाते तेव्हा मला ते आठवतं. माणूस समोर दिसला की कायद्याचं कलम निराळं वाचलं जातं.

ते एक पान

वरच्या ओळीत विधेयकाचं नाव, क्रमांक आणि मागणी. गोष्ट नंतर. आपल्याला आधी प्रस्तावना लिहायची सवय असते, 'आपण करत असलेल्या थोर कार्याबद्दल' वगैरे. ती काढून टाका.

माझ्या पानाचा मराठीत सांगायचा तर मजकूर असा होता: "मी सीडर रॅपिड्समध्ये २००८ पासून राहते. आपण अमेरिकाज चिल्ड्रन अॅक्टचे सहप्रस्तावक व्हावं अशी माझी विनंती आहे. माझी मुलगी चार वर्षांची असताना इथे कायदेशीर आली. बालवाडीपासून ती इथल्याच शाळेत शिकली, शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं, आता नर्सिंग शिकते आहे. २१ व्या वाढदिवशी ती आमच्या अर्जातून बाहेर पडेल. तिची काही चूक नाही, आमचीही नाही, रांग कायद्यानं लांबली आहे. आपला निर्णय मला कळवाल का?" खाली सही, पूर्ण पत्ता, फोन.

शेवटचं वाक्य गाळू नका. प्रश्न विचारला की उत्तराची नोंद ठेवावी लागते.

पानाच्या मागे दुसऱ्यांची पत्रं जोडा, आणि ती शक्यतो मराठी माणसांची नकोत. बँडचे सर, शेजारच्या आजी, दवाखान्यातल्या वरिष्ठ परिचारिका, चर्चचे पाद्री. ही मतदार माणसं. त्यांनी लिहिलेल्या "ही आमची मुलगी आहे" या चार शब्दांचं मोल मी लिहिलेल्या चार पानांपेक्षा जास्त. मागायला संकोच वाटतो, मला तर फार वाटला. बँडच्या सरांकडे मी तीन आठवडे विषय काढू शकले नाही. काढला तेव्हा ते म्हणाले, हे आम्हाला आधी का सांगितलं नाही?

पाठवायचं कसं

वॉशिंग्टनला टपालानं पाठवू नका. २००१ च्या ऑक्टोबरमध्ये सिनेटर टॉम डॅशल आणि पॅट्रिक लेही यांच्या नावानं अँथ्रॅक्सचे जीवघेणे जंतू भरलेली पाकिटं टपालात टाकली गेली, तेव्हापासून काँग्रेसचं टपाल दुसरीकडे तपासलं जातं, जंतू मारायला त्यावर किरणांचा मारा होतो. पत्र उशिरा पोचतं, कागद पिवळा आणि ठिसूळ होतो. संकेतस्थळावरचा अर्ज भरा, किंवा राज्यातल्या कार्यालयात स्वतः जाऊन द्या. ग्रासलींची आयोवात सहा ठिकाणी कार्यालयं आहेत आणि त्यातलं एक सीडर रॅपिड्सलाच, म्हणून मी हातानंच देते.

फोन करायचा तर कॅपिटलचा, म्हणजे संसद भवनाचा, स्विचबोर्ड २०२-२२४-३१२१. तुमच्या सिनेटरचं नाव सांगितलं की जोडून देतात. नाव, गाव, पिनकोड, विधेयकाचा क्रमांक, मागणी, बस. दीड मिनिट. फोन घेणारा बहुधा नुकतं कॉलेज संपवलेला मुलगा किंवा मुलगी असते. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांचं काम नोंद करायचं आहे. त्यांना एकच विचारा: इमिग्रेशनचा विषय कुठल्या लेजिस्लेटिव्ह असिस्टंटकडे (विधेयकांचं काम बघणाऱ्या सहायकाकडे) आहे? ते नाव मिळालं की वहीत लिहा. यापुढचं सगळं त्या व्यक्तीभोवती फिरतं. सिनेटरसमोर जाणारं टिपण तीच लिहिते.

भेट

सिनेटर स्वतः भेटलेच पाहिजेत हा हट्ट सोडा. लेजिस्लेटिव्ह असिस्टंटबरोबरची वीस मिनिटं सिनेटरबरोबरच्या एका फोटोपेक्षा जास्त उपयोगाची.

२०२३ च्या एप्रिलमध्ये आम्ही पाच जण वॉशिंग्टनला गेलो. सिनेटची कार्यालयं रसेल, डर्क्सन आणि हार्ट या तीन इमारतींत आहेत. हार्टच्या चौकात शिल्पकार काल्डरचे काळ्या पोलादाचे प्रचंड डोंगर उभे आहेत. त्यांच्या खाली उभं राहून आम्ही शेवटची उजळणी केली: कोण काय बोलणार, कुणी बोलायचं नाही. हे ठरवून जा. पाच जण एकदम बोलले तर वीस मिनिटांत काहीही पोचत नाही. आमच्यात लेकीनं सुरुवात केली, मी मागणी मांडली, एकानं फक्त लिहून घेतलं.

समोरच्या तरुणीनं शांतपणे ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला: "आयोवात अशी किती मुलं आहेत?" देशात २ लाखांहून जास्त, हा सगळीकडे सांगितला जाणारा आकडा मला तोंडपाठ होता. आयोवाचं माझ्याकडे काहीच नव्हतं. परत येताना विमानात मी तोच विचार करत होते. घरी येऊन सीडर रॅपिड्स आणि आयोवा सिटी भागातली ओळखीची घरं मोजली. गणपतीच्या आरतीला, दिवाळीच्या फराळाला, बालवर्गाच्या गाडीत भेटणारी. अकरा घरं निघाली. प्रत्येकाची परवानगी घेऊन मुलाची शाळा, इयत्ता आणि २१ व्या वाढदिवसाची तारीख अशी यादी केली आणि त्या तरुणीला पाठवली. चार दिवसांत तिचा स्वतःचा मेल आला, आणखी दोन प्रश्न विचारणारा. तुम्ही हे जाण्याआधीच करा.

वॉशिंग्टनला जाणं परवडत नसेल तर काही अडत नाही. ऑगस्टमध्ये सिनेटला सुट्टी असते आणि सिनेटर राज्यात असतात. ग्रासलींची तर आयोवाच्या ९९ काउंटींपैकी (आपल्या जिल्ह्यासारख्या) प्रत्येक काउंटीत दरवर्षी एक तरी सभा घ्यायची जुनी रीत आहे. या सभा शाळेत, कारखान्यात, ग्रंथालयात होतात, बहुधा कामाच्या दिवशी. अर्धा दिवस रजा काढा, जरा लवकर पोचा. प्रश्न तीस सेकंदांचा तयार ठेवा आणि घरी मोठ्यानं म्हणून बघा. मी गेले त्या पहिल्या सभेत माझा हात वर होता, पण तास संपला. निघताना ते एक पान तिथल्या सहायकाच्या हातात दिलं आणि त्याचं कार्ड घेतलं. वडिलांची पोच मला तिथे मिळाली.

काय नेऊ नका

मिठाईचे खोके, शाल, श्रीफळ. आपल्याकडे रिकाम्या हातानं जाणं बरं दिसत नाही, हे मला कळतं. पण सिनेटच्या नियमांत भेटवस्तूला ५० डॉलरच्या आतली मर्यादा आहे आणि समोरचा माणूस उगाच अवघडतो. आभाराचं हस्तलिखित पत्र पुरे.

देणगीचा विषय त्या खोलीत काढायचाच नाही. आणि हे फार गंभीरपणे सांगते: ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी माणसानं अमेरिकेतल्या कुठल्याही निवडणुकीला पैसे देणं हा कायद्यानं गुन्हा आहे. एच-वन-बी, एच-फोर, विद्यार्थी व्हिसा, सगळे यात आले. मित्रानं प्रचारनिधीच्या जेवणाचं तिकीट काढायला सांगितलं तरी काढू नका. ग्रीन कार्ड असलेल्यांना आणि नागरिकांना मोकळीक आहे, पण तीही मागणीशी कधी जोडायची नाही.

उत्तर आल्यावर

काही आठवड्यांनी छापील उत्तर येतं. बरेच जण ते वाचून निराश होतात आणि थांबतात. थांबू नका, ओळी नीट वाचा. "हे विधेयक सिनेटपुढे आलं तर आपलं मत लक्षात ठेवीन" याचा अर्थ निर्णय झालेला नाही, दार उघडं आहे. "मला याबद्दल चिंता आहे" असं असेल तर ती चिंता काय ते पुढच्याच ओळीत सापडतं. पुढचं पत्र फक्त त्या एका ओळीला उत्तर देणारं लिहा.

माझी एक दोनशे पानी वही आहे. तारीख, कुणाशी बोलले, काय मागितलं, काय म्हणाले, पुढे कधी. दर तीन महिन्यांनी एक संपर्क, त्याहून जास्त नाही. प्रत्येक वेळी काहीतरी नवं सांगायचं: लेकीला शिष्यवृत्ती मिळाली, अकरांपैकी एक मुलगा २१ चा झाला आणि कॅनडाला गेला, एका घराचं ग्रीन कार्ड झालं. ते कार्ड झालेलं कळवलं तेव्हा त्या कार्यालयातून अभिनंदनाचा मेल आला होता. सहायक माणसं बदलतात. मेल परत आला की त्याच दिवशी फोन करून नवं नाव विचारते आणि पान पहिल्यापासून पुन्हा देते.

लेक आता स्वतः जाते. तिचं वय उलटलं, विधेयक अजून झालेलं नाही, यादीतली धाकटी मुलं मात्र अजून मुदतीत आहेत. त्यातली सगळ्यात लहान सातवीत आहे. काँग्रेस बदलली की जानेवारीत मी संकेतस्थळ उघडून नवा क्रमांक आला का बघते, आला की वहीच्या नव्या पानावर वरच्या ओळीत लिहिते आणि अकराही घरांना कळवते.